खोकला मोजून निवडलेली भिंत

अक्षय्य तृतीया, १९७२. सकाळी नऊ वाजता, गावाबाहेरच्या जोत्यावर.

हजर: माझे घरमालक तात्या. त्यांच्या पत्नी जिजी, पोत्याच्या घडीवर बसलेल्या. पारनेरहून बोलावलेला गवंडी. तात्यांचे धाकटे भाऊ, न बोलावता आलेले. आणि मी, गावातल्या उपकेंद्राची नर्स, तात्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहणारी.

माझ्या त्या सालच्या वहीत एवढंच आहे. त्याखाली "भिंत ठरली" असं लिहून मी ते खोडलेलं आहे.

मला याद्या करायची सवय आहे. बाळंतिणींची यादी, टोचायच्या मुलांची यादी, संपत आलेल्या औषधांची यादी. काम कागदावर उतरलं की निम्मं झालं असं मी मानते, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं. तात्यांचं उलट होतं. नव्या घराचं जोतं बांधून चार वर्षं झाली होती. काळ्या दगडाचं, गुडघाभर उंच, कोपरे काटकोनात, एक दगड हलायचा नाही. त्यावर बाहेरच्या भिंती कशाच्या घालायच्या हे त्यांचं ठरत नव्हतं. जोत्यावर गवत उगवायचं, वाळायचं, शेळ्या खायच्या.

गावाला ही मोठी करमणूक होती. पारावर कुणीतरी विचारायचंच, "काय तात्या, यंदा भित कशाची? गुळाची का खोबऱ्याची?"

तात्या रागवायचे नाहीत. "गुळाला मुंग्या लागत्यात," असं शांतपणे सांगून पुढे जायचे, जणू त्यांनी तोही विचार करून पाहिला होता.

यातलं मर्म गावाला माहीत नव्हतं असं नाही, पण रोजच्या हसण्यात ते विसरलं जायचं. जिजींना दमा होता. जुनं घर पांढऱ्या मातीचं, हातभर जाड भिंतींचं, वर मातीचं धाबं. अर्धं तात्यांचं, अर्धं धाकट्या भावाचं. कुणी वर धाब्यावर चाललं की खाली ताटात माती पडायची. भिंतीला पाठ टेकली की लुगड्याला पांढरा पट्टा उमटायचा. जिजी रात्रंदिवस ती माती छातीत घेत होत्या. नगरच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टर तात्यांना म्हणाले, "यांना या मातीच्या घरातून हलवा. आणखी चार-पाच हिवाळे तिथंच काढले, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

तात्यांनी तेव्हा एकच विचारलं. "मंग कशाच्या घरात नेऊ?"

डॉक्टर हसले. "कशाच्याही. कोरडं, स्वच्छ, धूळ न झडणारं."

"कशाच्याही" हे उत्तर तात्यांना पटणारं नव्हतं. तिथपासून त्यांचा शोध सुरू झाला.

ते तरुणपणी रस्त्याच्या कामावर मुकादम होते. मोऱ्या बांधून घेण्यात त्यांची दहा वर्षं गेली होती, त्यामुळे दगड, चुना, वीट यांतलं त्यांना कळायचं. पण त्यांची पद्धत त्यांचीच होती. कुणाच्याही घरी गेले की पाणी घेण्याआधी ते भिंतीला गाल लावायचे. डोळे मिटून पाच-सहा श्वास तसेच उभे. मग नखानं पोपडा उचकायचे, त्यातला कण जिभेवर ठेवायचे आणि घरच्या बाईला विचारायचे, "हितं कुनाला खोकला हाय का?" काही बायका घाबरायच्या. नव्या सुना पदर तोंडाला लावून हसायच्या.

घोडेगावच्या बाजाराला ते बैल घ्यायला गेले आणि तिसऱ्या दिवशी बैलाशिवाय परतले. खांद्यावरच्या पिशवीत तिकडच्या चार घरांच्या भिंतींची माती होती, प्रत्येक पुडीवर कोळशानं खूण. शिर्डीला जिजींना घेऊन गेले. जिजी सांगायच्या, "मी दर्शनाच्या रांगंत, आन् ह्ये धर्मशाळंच्या भितीला गाल लावून हुबं. लोकांना वाटलं, म्हातारा नवस फेडतोय. एका बाईनं तर तिथंच कुंकू लावलं भितीला."

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा परतल्यावर भावानं विचारलं, "कशी हाय?"

"वलीय."

"वली?"

"पश्चिमेची भित. पोरगी चांगलीय, पर बाळंतपनाला तिला त्या खोलीत ठिवू देऊ नका."

ते लग्न झालं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा तात्या स्वतः जाऊन तिची खाट दुसऱ्या खोलीत हलवून आले. आजही ती सून हे सांगते, थोडं हसून आणि थोडं न हसता.

"भित म्हंजे दुसरी कातडी," ते म्हणायचे. "आपल्या कातडीचं माप दुसऱ्याला कसं इचारायचं?"

माझी आणि त्यांची या विषयावर रोज वादावादी व्हायची. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते, नोकरीत पक्की मुरलेली, आणि मला ढिलाई सहन होत नसे. संध्याकाळी ओसरीवर मी त्यांना बजावायचे, "तात्या, यापेक्षा वाईट भिंत निवडली तरी चालेल, पण निवडा. जिजींकडे वेळ नाही."

"म्हनून तर चुकायला नगं, बाई. एकदाच बांदायचीय."

"मी कागद घेते. दोन रकाने करते, तुम्ही सांगा. फायदे आणि तोटे."

"तुमच्या रकान्यात हिचा खोकला कुठं लिवायचा?"

यावर जिजी आतून खोकत-खोकतच म्हणायच्या, "लिवा फायद्यात. ह्यांना तेवढंच काम हाय."

१९७२च्या फाल्गुनात त्यांनी जे केलं, त्यावर गाव अजून हसतं. जोत्याच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी चार कोपरे बांधले. नुसते कोपरे. दोन भिंती काटकोनात, छातीइतक्या उंच, वर कडब्याचं छप्पर. पहिला दगड-मातीचा, आतून शेणामातीनं सारवलेला. दुसरा भाजक्या विटेचा, गिलावा नसलेला. तिसऱ्याला बाहेरून दगड, सांध्यांत माती, आणि आतून चुन्याचा घोटीव गिलावा. चौथ्याला पूर्ण सिमेंट, कुठल्याशा मोरीच्या कामावरून उरलेल्या अर्ध्या पोत्याचं. गवंडी दगड लावायचा आणि तात्या प्रत्येक दगड उतरवून फिरवून परत लावायला सांगायचे.

कोपरे वाळल्यावर त्यांनी प्रत्येकात जिजींना आठ-आठ दिवस बसवलं. जिजी धान्याचं सूप घेऊन बसायच्या, तात्या समोर दगडावर. जिजी खोकल्या की तात्या ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकायचे. उबळ आली तर दोन. उठायची वेळ झाली की दाणे मोजून भिंतीवर कोळशानं तेवढ्या रेघा ओढायच्या.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "जिजी, तुम्हाला याचा राग नाही येत?"

"कशाचा राग? चाळीस वर्सांत माझा खोकला कुनी येवढं ध्यान दिऊन आयकला न्हाई," जिजी म्हणाल्या. मग तात्यांकडे बघून, "आत्ताचा धरू नगा, ठसका हुता."

"ठसका कसा?"

"मिरचीचा."

तात्यांनी वाटीतून एक दाणा उचलून परत खिशात टाकला.

सगळे दिवस झाल्यावर रेघा स्पष्ट बोलत होत्या. पहिल्या कोपऱ्यात भिंत रेघांनी काळी झाली होती. दुसऱ्यात विटेचा भुगा झडायचा, रेघा थोड्या कमी. चौथ्यातून जिजी दहा वाजताच घामानं भिजून उठून यायच्या, म्हणून तिथले दिवस अर्धेच धरले होते. तिसऱ्यात, दगड आणि चुन्याच्या कोपऱ्यात, सगळ्यांत कमी. दोन दिवस तर एकही रेघ नव्हती.

तर अक्षय्य तृतीयेला तात्या भिंत जाहीर करणार होते. विहिरीत अजून पाणी होतं. पाथरवटांकडून दगड आला होता. चुना खड्ड्यात भिजत घालून दहा दिवस झाले होते, लोण्यासारखा मऊ पडला होता. गवंड्यानं सांगितलं होतं की तो पावसाच्या आत चारी भिंती उभ्या करील आणि मृगाआधी वर पत्रे चढतील. जिजी नवं लुगडं नेसल्या होत्या. नारळ तात्यांच्या हातात होता.

"तिसरी," तात्या म्हणाले. "भायेर दगड, आत चुना. ठरलं."

धाकटे भाऊ म्हणाले, "चार वर्सांनी कोंबडं आरवलं एकदाचं."

सगळे हसले. मीही हसले. आणि मग मी बोलले.

मी बोलले ते तावातावानं नाही, अगदी नीट, मुद्देसूद. आदल्या आठवड्यात मी चार वेळा फेरीवरून दुपारी तीनच्या सुमारास तिथून गेले होते. तिसऱ्या कोपऱ्याच्या मावळतीला मोठा लिंब होता आणि दर वेळी त्याची सावली बरोबर त्या कोपऱ्यावर पडलेली असायची. बाकी तिन्ही कोपरे उन्हात. मी म्हटलं, "तात्या, तुमची मोजणी सरळ नाही. तिसऱ्या कोपऱ्याला सावली आहे. जिजींना बरं वाटलं ते लिंबामुळे, भिंतीमुळे नाही."

तात्यांचा हात नारळासकट खाली आला. "सावली," ते म्हणाले. "सावली तर धरलीच न्हाई."

"शिवाय दगडाच्या पोटात माती राहणार. तिच्यात उंदीर, वाळवी, ओल. डॉक्टर म्हणाले, धूळ न झडणारं घर हवं. सिमेंटचा गिलावा आतून-बाहेरून करा, धुवून काढता येतो. उकाडा होईल तर खिडक्या वाढवू. सिमेंटला परवाना लागतो, तो मी मिळवून देते. डॉक्टरांची चिठ्ठी जोडू. दीड महिन्यात पोती येतील."

गवंडी म्हणाला, "बाई, आज मुहूर्त हाय. मानसं आल्यात. चुना बी तयार हाय."

"चुना दीड महिन्यात कुठे पळतोय?" मी म्हटलं.

तात्या जिजींकडे बघत होते. जिजी काहीतरी बोलायला गेल्या, पण त्यांना उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. ती थांबेपर्यंत तात्यांचं ठरलं होतं.

"बाईंना त्यातलं कळतंय," ते म्हणाले. "आपल्या मापात खोट निघाली. थांबू."

नारळ त्यांनी फोडला नाही. गवंड्याला प्यायला पाणी दिलं आणि परत पाठवलं.

अर्ज मी त्याच दुपारी केला. तीन प्रती, डॉक्टरांची चिठ्ठी, माझी सही. दीड महिन्यात परवाना आला नाही. आषाढात मी तालुक्याला दोन खेपा घातल्या. अर्ज वर गेला आहे, एवढंच कळलं. तोवर पावसाळा कोरडाच चालला होता. ढग यायचे, डोंगरावर थांबायचे आणि जायचे. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं, ओल्या फडक्यानं पुसले. विहिरीच्या तळाला चिखल राहिला, मग तोही वाळला. चुन्याचा खड्डा पाण्याखाली ठेवावा लागतो. तात्या रोज एक घागर त्यावर ओतायचे. एक दिवस जिजींनी ती घागर धरली. "ह्ये प्यायचं पानी हाय," म्हणाल्या. आठवड्यात चुन्याला भेगा पडल्या.

परवाना आला तेव्हा पोळा होऊन पंधरा दिवस झाले होते. बारा पोती सिमेंट बैलगाडीतून आलं. तात्यांनी गोठ्यात फळ्या टाकून त्यावर ते रचलं. पण सिमेंटच्या भिंतीवर दिवसातून दोनदा पाणी मारावं लागतं, आणि आम्ही प्यायचं पाणी दोन कोसांवरून आणत होतो. गवंडीही राहिला नव्हता. तो बायको-मुलांसह दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता. महिनाभरानं तात्याही गेले. दगडाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे बघितल्याशिवाय हात न लावणारा माणूस दिवसभर हातोड्यानं दगडाची खडी करत बसायचा. मी औषधं वाटायला तिथे जायचे. त्यांच्या ढिगातली खडी सगळ्यांपेक्षा एकसारखी असायची. मोजणारा कारकून चेष्टेनं म्हणायचा, "म्हाताऱ्यानं प्रत्येक खड्याला इचारून फोडलाय."

त्या हिवाळ्यात हवेत मातीच माती होती. जिजी धाब्याखालीच होत्या. मी इंजेक्शनं देत होते, गोळ्या देत होते, ओली चादर बांधून धूळ अडवत होते. माघात एका सकाळी तात्या कामावर गेल्यावर जिजींनी मला जवळ बसवलं. त्यांना एका दमात तीन-चार शब्दांपेक्षा जास्त बोलता येत नव्हतं.

"बाई, त्या कोपऱ्याचं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या."

"काय जिजी?"

"मी सकाळीच बसायची तिथं. न्याहारीपासून जेवनापत्तुर. सकाळी लिंबाची सावली पल्याड असती. माळाकडं. कोपऱ्यावर ऊनच असतं."

सूर्य सकाळी उगवतीला असतो, लिंब मावळतीला होता. हे कळायला यादी लागत नाही.

"मला खरंच बरं वाटायचं तिथं. भितीनंच. तुमी तवा बोलला, मला सांगायचं हुतं, पर उबळ आली. मंग म्हटलं जाऊ दे, बाई शिकल्याली हाय." बराच वेळ दम घेऊन त्या म्हणाल्या, "ह्यांना सांगा तुमी. त्यांचं माप बरूबर हुतं. मी सांगितलं तर म्हनतील, मन राखायला बोलती. तुमचं आयकतील."

"सांगते," मी म्हटलं.

"आज सांगा."

त्या दिवशी तात्या परतले तेव्हा दमलेले होते, हाताला खडी लागून रक्त आलं होतं. मी जखम धुतली, पट्टी बांधली. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. पाचव्या दिवशी भर दुपारी जिजी गेल्या. तात्यांना कामावरून बोलावून आणलं तेव्हा माझ्या हातात रिकामी सिरिंज होती.

दहाव्याला नदीच्या कोरड्या पात्रात झरा उकरून पाणी काढलं होतं. पिंड ठेवला, कावळा लगेच शिवला. परतताना धाकटे भाऊ, जे एरवी वाईट माणूस नव्हते, सगळ्यांसमोर म्हणाले, "भित निवडता निवडता बायकू घालवलीस रं तात्या."

तात्या थांबले. "व्हय," म्हणाले. "लई येळ लावला मी."

मी तीन हातांवर उभी होते. माझ्याबरोबर गावातल्या सात बायका होत्या, कोण कोण ते मला आठवतं. तिथे बोलता आलं असतं. वैशाखात, पाणी असताना, चुना तयार असताना, हा माणूस बरोबर भिंत निवडून नारळ हातात घेऊन उभा होता आणि मी त्याला थांबवलं, एवढी दोनच वाक्यं. मी पदर सावरला आणि चालू लागले.

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. गोठ्यातलं सिमेंट तोवर पोत्यांच्या आकारातच दगड झालं होतं. मी निघाले तेव्हा तात्यांनी मला त्यावर बसवून चहा दिला, कारण खाटेवर जिजींची भांडी वाळत घातलेली होती.

पुढच्या वर्षी, पाऊस झाल्यावर, भावाकडून लिहून घेतलेलं त्यांचं कार्ड आलं. घर बांधलं आहे, वास्तुशांतीला या. मी गेले. चारी भिंती सिमेंटच्या होत्या, आतून-बाहेरून गुळगुळीत, खिडक्या मी सांगितल्या होत्या तशा मोठ्या. नवं सिमेंट त्यांनी कसं मिळवलं ते मी विचारलं नाही. दुपारी आत बसवत नव्हतं. पाहुणे एकेक करून बाहेर मांडवात येत होते. तात्या मला हाताला धरून आत घेऊन गेले.

"गाल लावा," म्हणाले.

मी लावला. भिंत तापलेली होती.

"झडती का काही?"

"नाही."

"तुमचंच आयकलं सगळं. पयल्यापासनं तुमचं आयकलं असतं, दोन वर्सं आधी, कोपऱ्याबिपऱ्यात येळ घालवला नसता, तर ती हितं ऱ्हायली असती." मग त्यांनी विचारलं, "आता बरूबर हाय न्हवं, बाई?"

त्यांचा गाल भिंतीला होता आणि डोळे मिटलेले. माझ्या उत्तरासाठी ते थांबले होते.

"बरोबर आहे तात्या," मी म्हटलं.

गावाहून कुणी भेटलं की मी त्यांची चौकशी करते. ते दिवसभर बाहेर जोत्यावर बसतात, उन्हं कलली की आत जातात. कुणी घर बांधायला काढलं की त्याला सांगतात, स्वतःचं डोकं चालवू नका, शिकलेल्या माणसाला विचारा. जिजींचा निरोप पत्रानं कळवावा तर त्यांना वाचता येत नाही, पत्र धाकटे भाऊ वाचून दाखवतील. म्हणजे जायलाच हवं. इथून नगर, नगरहून पारनेर, पुढे सकाळची एकच बस. रात्रीच्या आत परत येता येतं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं होतं, नंतर संक्रांतीला. आता मेमध्ये आठ दिवसांची रजा मंजूर झाली आहे. त्यांना सांगायचं राहिलं आहे.